जोखीम कोणाच्या अंगावर?

मल्लेश्वरमच्या संपिगे रस्त्यावरून चालताना पदपथाच्या कडेला विजेचा ट्रान्सफॉर्मर लागतो. त्यावर कवटीचे चित्र असते आणि त्याखाली कन्नड लिपीत ‘अपाय’ असे लिहिलेले असते. नव्याने आलेला मराठी माणूस ते वाचून क्षणभर थबकतो. आपल्याकडे अपाय म्हणजे झालेली किंवा होणारी इजा, ‘उपाय’ या शब्दाचा जोडीदार. महाराष्ट्रात याच जागी ‘धोका’ लिहितात आणि उत्तरेत ‘खतरा’. आपला ‘धोका’ हिंदी भाषकाने वाचला, तर येथे कोणीतरी कोणाला फसवते आहे असा त्याचा समज होईल. विजेचा धक्का सर्वांना सारखाच बसतो; त्याची पूर्वसूचना देणारे शब्द मात्र प्रत्येकाने आपापल्या अनुभवातून घडविलेले आहेत.

सरकारी सेवेत ‘रिस्क’ या इंग्रजी शब्दाशी माझी रोज गाठ पडते. परिपत्रकाचा अनुवाद करणारा त्यासाठी कधी ‘धोका’ लिहितो, कधी ‘जोखीम’, कधी ‘संकट’. हे पर्याय एकमेकांच्या जागी चालतात असे गृहीत धरले जाते. मला ते मान्य नाही. धोका हा ठिकाणाचा असतो. घाटातले वळण धोक्याचे असते, तेथून कोणी जावो वा न जावो. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोक्याची पातळी 45 फूट मानतात. काठावरची सारी वस्ती हलविली तरी हे आकडे तेच राहतील. जोखीम अशी एका जागी पडून राहत नाही. ती कोणाच्या तरी अंगावर असते. जुन्या पिढीतील बायका प्रवासात हलक्या आवाजात ‘अंगावर जोखीम आहे’ असे म्हणत, तेव्हा त्यांना अंगावरचे सोने अभिप्रेत असे. म्हणजे हरवण्याची शक्यता एवढाच या शब्दाचा अर्थ नव्हता. जी वस्तू हरवली तर जाब द्यावा लागेल, त्या वस्तूचेच ते नाव होते. म्हणून जोखीम सोपविता येते, सांभाळता येते, पत्करता येते. धोका कोणी कोणाच्या हाती सोपवीत नाही.

आपल्या व्यापाऱ्यांना हा भेद पक्का ठाऊक होता. ‘जोखमी हुंडी’ नावाचा एक प्रकार असे. माल पाठविणारा व्यापारी माल घेणाऱ्यावर हुंडी लिही आणि ती तिसऱ्याच कोणाला विकून आपले पैसे आधीच मोकळे करून घेई. माल सुखरूप पोहोचला तरच हुंडीचे पैसे मिळत. वाटेत तो बुडाला किंवा लुटला गेला, तर ज्याने हुंडी विकत घेतली त्याचे पैसे गेले. कर्ज आणि विमा ही दोन्ही कामे एकाच कागदावर होत. (विमा हा शब्द फारसीतील ‘बीम’, म्हणजे भीती, यावरून आल्याचे सांगतात. भीतीचे रोकड्यात रूपांतर करणारा धंदा, हे नाव वाईट नाही.) अर्थशास्त्र शिकताना आम्हांला फ्रँक नाइट यांचा 1921 सालचा ग्रंथ अभ्यासाला होता. जी शक्यता मोजता येते ती जोखीम, जी मोजता येत नाही ती अनिश्चितता, असा त्यांचा सुप्रसिद्ध भेद. तो उपयुक्त आहे, यात शंका नाही. परंतु जोखमी हुंडी लिहिणाऱ्याचा पहिला प्रश्न ‘किती?’ हा नसून ‘कोणाची?’ हा असे, आणि प्रशासनाच्या दृष्टीने मला तोच अधिक महत्त्वाचा वाटतो.

या प्रश्नाचा इतिहास शोधण्यासाठी मल्लेश्वरमच्या बाहेर जाण्याचे कारण नाही. ज्या काडु मल्लेश्वर मंदिरावरून या वस्तीला नाव मिळाले (काडु म्हणजे रान), त्या मंदिराला शहाजीराजांचे पुत्र एकोजी यांनी 1669 मध्ये मेदरनिंगनहळ्ळी हे गाव इनाम दिल्याचा शिलालेख आहे. बंगळूर तेव्हा भोसल्यांच्या जहागिरीत होते. पुढे एकोजी तंजावरला स्थिरावले आणि दूरचे बंगळूर सांभाळणे त्यांना जड जाऊ लागले. त्यांनी ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांना तीन लाख रुपयांस विकण्याची बोलणी सुरू केली. सौदा पुरा होण्याआधीच, जुलै 1687 मध्ये, मोगल सरदार कासिमखानाने शहर घेतले आणि त्याच किमतीला ते वडियारांच्या हवाली केले. एकोजींना जी जोखीम विकून मोकळे व्हायचे होते, ती गेली. मोबदला मात्र दुसऱ्याच्या पदरात पडला.

असो. मल्लेश्वरमची खरी कथा त्यानंतर दोनशे वर्षांनी सुरू होते. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आढळला. तेथून तो पुण्यास गेला आणि धारवाड-हुबळीच्या बाजूने रेल्वेमार्गाने ऑगस्ट 1898 मध्ये बंगळूरला पोहोचला. दरम्यान फेब्रुवारी 1897 मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात साथरोग कायदा झाला होता. हा कायदा जेमतेम चार कलमांचा. त्याचे चौथे कलम आमच्या पेशातील प्रत्येकाने लक्षपूर्वक वाचावे असे आहे: या कायद्याखाली सद्हेतूने केलेल्या कोणत्याही कृत्याबद्दल कोणावरही दावा लावता येणार नाही. अधिकाऱ्याच्या अंगावरची जोखीम आधीच उतरवून ठेवलेली होती.

ती कोणाच्या अंगावर गेली, हे पुण्याने पाहिले. रँड यांच्या समितीच्या लेखी धोका घराघरांत दडलेला होता. म्हणून गोरे शिपाई माजघरापर्यंत शिरले, आजाऱ्यांना इस्पितळात व घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत नेण्यात आले. लोकांच्या लेखी रोगाइतकीच भीती तपासणीची होती. 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी झाडलेल्या गोळ्यांपर्यंत ही गोष्ट गेली. त्याच पुण्यात त्याच वर्षी 10 मार्च रोजी सावित्रीबाई फुले प्लेगने वारल्या. रुग्णांची सेवा करताना त्यांना लागण झाली होती. जोखीम पत्करणे म्हणजे काय, याचा याहून स्पष्ट अर्थ मला कोणत्याही शब्दकोशात मिळालेला नाही.

म्हैसूर संस्थानात दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या अमदानीत प्लेग कमिशनर म्हणून नेमले गेले ते विश्वनाथ पाटणकर माधवराव. जन्म 1850, कुंभकोणम्. तंजावरकडील मराठी भाषक देशस्थ घराणे. पुढे 1906 ते 1909 या काळात ते म्हैसूरचे दिवाण झाले. त्यांच्या नावाचा चौक बसवनगुडीत आजही आहे. एकोजींबरोबर जी मराठी तंजावरला गेली, तिचाच एक वारस सव्वादोनशे वर्षांनी बंगळूरच्या संकटात अधिकारी म्हणून उभा राहतो, हा योगायोग माझ्यासारख्या परमुलखात राहणाऱ्याला सुखावतो, हे लपविण्यात अर्थ नाही.

प्लेगनंतर जुन्या पेठेबाहेर बसवनगुडी आणि मल्लेश्वरम या नव्या वसाहती आखल्या गेल्या: सरळ रुंद रस्ते, क्रमांक दिलेले क्रॉस, घराभोवती मोकळी जागा आणि मागच्या बाजूला सफाईसाठी अरुंद गल्ली. मुंबईत 1898 मध्येच इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्यातून दादर-माटुंग्याच्या वसाहती उभ्या राहिल्या. दादरच्या हिंदू कॉलनीत वाढलेल्याला मल्लेश्वरम ओळखीचे वाटते ते यामुळे. गंमत अशी की प्लेग पिसवांमार्फत पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 मध्येच कराचीत दाखवून दिले होते, पण बहुतेकांना ते पुढे कित्येक वर्षे पटले नाही. घाण, दमट जमीन आणि कोंदट हवा हाच धोका समजून ही आखणी झाली. निदान अपुरे होते, तरी मोकळी घरे उंदरांनाही गैरसोयीची होती.

या आखणीचे मला कौतुक आहे. मी रोज तिचा लाभ घेतो. तरीही एक गोष्ट नोंदविली पाहिजे. नव्या वसाहतीत तोच गेला ज्याला भूखंड घेऊन घर बांधणे परवडले. पेठेतला हमाल आणि विणकर धान्याच्या वखारींजवळच राहिले, कारण त्यांचे पोट तेथे होते. काही माणसे धोक्यापासून दूर गेली, धोका जागच्या जागी राहिला आणि जोखीम मागे उरलेल्यांच्या वाट्याला आली. नगररचनेच्या इतिहासात या घटनेला ‘विस्तार’ म्हणतात.

रेल्वेच्या कायद्यात मात्र ‘कोणाची’ हा प्रश्न अजून जिवंत आहे. 1989 च्या कायद्यानुसार मालवाहतुकीचे दोन दर असू शकतात: रेल्वेच्या जोखमीचा आणि मालकाच्या जोखमीचा. दुसरा दर कमी असतो, कारण त्यात नुकसान झाल्यास रेल्वेचा निष्काळजीपणा किंवा गैरवर्तन सिद्ध झाल्याखेरीज भरपाई मिळत नाही. व्यवहार स्वच्छ आहे: जोखीम घेणाऱ्याला तिचा मोबदला सवलतीच्या रूपाने मिळतो आणि दोहोंतून निवडण्याची मुभा असते.

ही मुभा नसली तर काय होते, ते मी स्वतःच्या सहीने पाहिले आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या कार्यालयाच्या मागच्या लाकडी जिन्याच्या पायऱ्या कुजल्या होत्या. दुरुस्तीचा प्रस्ताव वर पाठविला होता. तोवर ‘हा जिना धोकादायक असून त्याचा वापर स्वतःच्या जबाबदारीवर करावा’ असा फलक लावण्याची टिपणी माझ्यापुढे आली. मी ती मंजूर केली. भाषा निर्दोष होती. ‘धोकादायक’ आणि ‘जबाबदारी’ हे दोन्ही शब्द मीच सुधारून घातले होते. दुसऱ्या दिवशी फायलींचा गठ्ठा खांद्यावर घेतलेल्या शिपायाने फलक वाचला आणि मला विचारले, “साहेब, अभिलेखकक्षात जायला दुसरा जिना कुठला?” दुसरा जिना नव्हता. त्या दिवशी मी काहीच उत्तर दिले नाही. जिना दुरुस्त होण्यास पुढे चौदा महिने लागले, आणि तेवढे दिवस तो गठ्ठा घेऊन त्याच पायऱ्यांवरून चढत होता.