नवापूर, २००६: तापाच्या रुग्णाला विचारायचा एक प्रश्न

१/ १८ फेब्रुवारी २००६. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या मृत कोंबड्यांमध्ये एच५एन१ विषाणू सापडल्याचे जाहीर झाले. भारतातील बर्ड फ्लूची ही पहिली नोंद. निदान भोपाळच्या प्रयोगशाळेने केले होते.

२/ लाखो कोंबड्या मारून पुरण्यात आल्या. पण मोठी चिंता माणसांची होती. १९९७ साली हाँगकाँगमध्ये याच प्रकारच्या विषाणूची लागण १८ जणांना झाली होती आणि त्यांपैकी ६ जण दगावले होते.

३/ अडचण रोग ओळखण्याची होती. ताप, खोकला, घसादुखी, अंगदुखी ही लक्षणे साध्या फ्लूचीही असतात. न्यूमोनिया होऊन धाप लागेपर्यंत मोलाचा वेळ निघून जातो. म्हणूनच ‘आजारी किंवा मेलेल्या पक्ष्यांशी संबंध आला होता का?’ हा प्रश्न निदानाची पहिली पायरी ठरतो.

४/ नवापूर परिसरात तापाच्या रुग्णांचा शोध घेण्यात आला. संशयितांना रुग्णालयात वेगळे ठेवून त्यांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे तपासणीसाठी पाठवण्यात आले.

५/ औषध होते ऑसेल्टामिविर, म्हणजेच टॅमिफ्लू. ते विषाणूला एका पेशीतून सुटून दुसरीत पसरू देत नाही. लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांत दिल्यास त्याचा उपयोग सर्वाधिक. त्यामुळे दाट संशय असल्यास अहवालाची वाट न पाहता ते सुरू करतात.

६/ नवापुरात एकाही माणसाला लागण झाल्याचे आढळले नाही. एच५एन१मुळे भारतातील पहिला मानवी मृत्यू जुलै २०२१ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयात नोंदला गेला. तो एक लहान मुलगा होता. त्याच्या नमुन्यातील विषाणूची ओळखही पुण्याच्याच संस्थेने पक्की केली.