कागदावर नसलेले गाव

मुंबई म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे गिरण्यांचे भोंगे, आगगाड्या आणि उंच इमारती उभ्या राहतात. पण गोरेगाव स्टेशनावर उतरून पूर्वेला चालू लागा, हमरस्ता ओलांडा. थोड्याच वेळात झाडी लागते. ही आरे दुग्ध वसाहत. हिच्या पोटात वारली लोकांचे पाडे आहेत. खांबाचा पाडा, चाफ्याचा पाडा, नवशाचा पाडा, केलटी पाडा. सारे मिळून सत्तावीस पाडे सांगतात. वारल्यांच्या शेजारी मल्हार कोळी, कोकणा, काथोडी अशीही घरं आहेत. खेड्यातल्या माणसाला पाडा म्हणजे काय, हे सांगायला नकोच: चारदोन भावकीची घरं, अंगणात कोंबड्या, परसात दुधी-काकडीचे वेल, आणि पलीकडे पावसाच्या पाण्यावर पिकणारा भाताचा तुकडा.

आता प्रश्न असा की, हे लोक इथे केव्हा आले? उत्तर शोधायला आपण दप्तराकडे वळतो. हा मुलूख म्हणजे जुनी साष्टी. १५३४ मध्ये वसईच्या तहाने ती पोर्तुगीजांकडे गेली, चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी जिंकली आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतली. प्रत्येक सत्तेने आपापली दप्तरे ठेवली. पण दप्तरात नाव लागते ते सहसा सारा भरणाऱ्याचे. जो रानात कंद खणतो, मध काढतो, दुसऱ्याच्या शेतावर राबतो, त्याचे नाव कारकून कशाला लिहील? तो माणूस असतो, पण कागदावर नसतो. इतिहासाच्या अभ्यासकाने ही गोष्ट नेहमी ध्यानात ठेवावी. कागद कोरा असला म्हणजे जमीन ओसाड होती असे ठरत नाही.

स्वातंत्र्यानंतर या रानाला नवे रूप आले. मुंबई शहरातले गाई-म्हशींचे गोठे बाहेर न्यावेत आणि लोकांना स्वच्छ दूध मिळावे, म्हणून १९४९ मध्ये सरकारने इथे सुमारे १,२८७ हेक्टर जागेवर वसाहत उभारायला घेतली. दारा खुरोडी यांनी हे काम हिरिरीने केले. १९५१ मध्ये पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते वसाहतीचे उद्घाटन झाले. बत्तीस तबेले आणि सुमारे सोळा हजार जनावरे, असा तो पसारा. मुंबईच्या कितीतरी पोरांना आरेचे दूध मिळाले. योजना चांगलीच होती, यात वाद नाही. पण त्या दिवसापासून सारी जागा दुग्धविकास खात्याच्या नावावर झाली आणि पाड्यावरचा वारली आपल्याच अंगणात परका ठरला. त्याच्याजवळ सातबारा नव्हता. ज्याच्याजवळ सातबारा नाही, त्याला अतिक्रमण करणारा म्हणायला किती वेळ लागतो?

तुम्ही म्हणाल, मग पुरावा तरी कोणता? तो आहे, फक्त तो शाईने लिहिलेला नाही. पाड्याच्या वेशीवर वाघोबा आहे. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला त्याची पूजा होते. आमच्या वाटेला जाऊ नकोस, आम्ही तुझ्या वाटेला जाणार नाही, असा हा जुना करार. बिबट्या आजही या रानात फिरतो, आणि करारही चालू आहे. गावदेवी आहे, पूर्वजांच्या जागा आहेत. पहिल्या पावसानंतर शेवळं कुठे उगवतात, टाकळा केव्हा खुडावा, हे पोरांना ठाऊक आहे. हे ज्ञान चार दिवसांत येत नाही, बरं का! त्याला पिढ्या लागतात.

आनंदाची गोष्ट ही की, कायद्यानेही हा पुरावा मानला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली जे नियम झाले, त्यांत जुनी घरं, विहिरी, देवस्थानं, दफनाच्या जागा आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब, हे सारे पुरावे धरले आहेत. म्हाताऱ्याच्या तोंडचा शब्द कागदाच्या पंक्तीला बसला. पण पुढे एक मेख आहे. हा कायदा लागू होतो वनजमिनीला. आणि आरे हे वन आहे की नाही, यावरच वाद! ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने आरेला वन ठरवण्याची मागणी फेटाळली, आणि त्याच रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी झाडांवर करवती चालल्या. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर दोन हजारांवर झाडे पडली होती. २०२० मध्ये सरकारने आरेतील ८१२ एकर जागा राखीव वन म्हणून जाहीर केली. पुढे कारशेड तिथेच झाली, आणि २०२४ पासून भुयारी मेट्रो धावू लागली. मेट्रोच्या कामात प्रजापूरपाड्यावरची काही कुटुंबे हलवली गेली. पक्क्या इमारतीत खोली मिळते, हे खरे. पण खोलीबरोबर भाताचा तुकडा, आंब्याचे झाड आणि वाघोबा मिळत नाही.

शहराला दूध हवे, गाडी हवी, हे कोण नाकारील? पण हिशेब करताना आधीपासून असलेला माणूस मोजावा, एवढेच मागणे आहे.

शिक्षक बंधुभगिनींना शेवटी एक विनंती. तुमच्या गावाच्या कडेलाही असा एखादा पाडा, तांडा किंवा वाडी असेल. एका रविवारी मुलांना घेऊन तिथे जा. सर्वांत म्हाताऱ्या आजीजवळ बसा. शेतांची, ओढ्यांची, झाडांची, देवांची नावं विचारा आणि मुलांकडून वहीत लिहून घ्या. खाली तारीख घाला, आजीचा अंगठा घ्या. ती वही शाळेच्या कपाटात नीट जपून ठेवा. उद्या कुणी विचारलेच, की इथे आधी कोण होते, तर दाखवायला ती उपयोगी पडेल.