बंगळूरची आधाररेषा

1799 साली श्रीरंगपट्टणचा पाडाव झाला, आणि टिपूच्या पश्चात उघड्या झालेल्या मुलखाची शास्त्रशुद्ध मोजणी व्हावी या हेतूने विल्यम लॅम्बटन या लष्करी अधिकाऱ्याने पुढच्याच वर्षाच्या अखेरीस बंगळूरनजीक सुमारे साडेसात मैल लांबीची एक आधाररेषा पोलादी साखळीने मोजून काढली. ज्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रारंभ 1802 मध्ये मद्रासला झाला त्याची ही रंगीत तालीमच होती. राज्यविस्ताराचे एक साधन म्हणून या उद्योगाचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे व तो यथार्थही आहे. परंतु संख्यांच्या इतिहासातही या रेषेला मानाचे स्थान दिले पाहिजे, असे माझे निश्चित मत आहे, कारण वास्तव संख्यांचे जे वर्ग आज विद्यार्थ्यांना शिकविले जातात ते एकामागून एक त्या माळावर कामास आलेले दिसतात.

शंभर फुटांची साखळी कितीदा पडली हे नोंदविण्यास नैसर्गिक संख्या पुरेशा होत्या. पण उन्हाने पोलाद प्रसरण पावते आणि थंडीने आकुंचन पावते, त्यामुळे उष्णतामापक पाहून प्रत्येक लांबीत कमीअधिक दुरुस्ती करावी लागे, आणि तेथे ऋणसंख्येवाचून गत्यंतर नसे. ऋणत्वाचा हा दिशावाचक अर्थ आपल्याकडे नवा नव्हता; वऱ्हाडातून आलेल्या घराण्यातील कृष्ण दैवज्ञाने सतराव्या शतकाच्या आरंभी भास्कराचार्यांच्या बीजगणितावर टीका लिहिताना, पूर्वेस धन मानले तर पश्चिमेस ऋण मानावे, असे स्पष्ट केले होते.

साखळी कितीही बारीक विभागली तरी तिच्यावरून वाचलेले माप अपूर्णांकातच, म्हणजे परिमेय संख्येतच, मांडता येते. मोजणीचा कारकून याहून पुढे कधी जात नाही. भूमिती मात्र जाते. मराठी दप्तरांत वीस चौरस काठ्यांचा एक पांड आणि वीस पांडांचा एक बिघा धरीत. तेव्हा पूर्ण बिघ्याच्या चौरस शेताची बाजू बरोबर वीस काठ्या भरते, परंतु अर्ध्या बिघ्याचे चौरस शेत आखू गेल्यास बाजू दोनशेच्या वर्गमुळाइतकी येते, आणि हे वर्गमूळ कोणत्याही अपूर्णांकाने नेमके सांगता येत नाही. जमाबंदीला असले मूळ आसन्न मानाने चालत असे. सह्याद्रीच्या आश्रयाने राहणाऱ्या भास्कराचार्यांनी मात्र 1150 च्या सुमारास अशा राशींना करणी या नावाखाली घेऊन त्यांची बेरीज, गुणाकार, भागाकार यांचे स्वतंत्र नियम दिले, आणि ज्याचे मूळ नेमके मिळत नाही त्याच्याशीही नेमका व्यवहार करता येतो, हे दाखवून दिले. मला हा त्यांच्या बुद्धीचा फार मोठा पराक्रम वाटतो.

लॅम्बटनच्या पद्धतीत साखळीने फक्त आधाररेषाच मोजावयाची. पुढील सर्व बाजू कोन वाचून त्यांच्या ज्यांवरून काढावयाच्या. अंश, कला व विकला यांत वाचलेला त्रिकोणाचा कोन तीस, नव्वद वा दीडशे अंशांचा नसेल तर त्याची ज्या अपरिमेयच असते, म्हणजे यंत्रावर वाचलेल्या परिमेय आकड्यापासून गणित लगोलग अपरिमेय प्रांतात शिरे. या ज्या निदान बैजिक तरी असतात, कारण पूर्णांकी सहगुणकांच्या एखाद्या समीकरणाचे त्या मूळ असतात. पण पृथ्वीच्या वक्रतेचा हिशेब करताना वर्तुळाच्या परिघाचे व्यासाशी असलेले जे गुणोत्तर येई ते त्याही वर्गात बसत नाही. ते अपरिमेय असल्याचे लँबर्टने अठराव्या शतकात सिद्ध केले होते. ते बीजातीत आहे हे लिंडेमानने सिद्ध केले 1882 मध्ये, लॅम्बटनने वऱ्हाडालगतच्या हिंगणघाटास 1823 साली देह ठेवल्यानंतर जवळजवळ साठ वर्षांनी.

तथापि काम अडले नाही. 1804 मध्ये बंगळूरजवळ पडताळ्यासाठी पुन्हा एक रेषा मोजली, तेव्हा मद्रासहून त्रिकोणांच्या साखळीने आलेली लांबी आणि प्रत्यक्ष मोजलेली लांबी यांत चार इंचांहूनही कमी तफावत निघाली.

रेषेवरील प्रत्येक बिंदूला एक वास्तव संख्या लाभते, या गृहीताला डेडेकिंडने 1872 मध्ये पक्का पाया दिला. आणि दोनच वर्षांनी कँटरने दाखविले की सर्व बैजिक संख्या पहिली, दुसरी, तिसरी अशा क्रमाने मांडता येतात, वास्तव संख्या मात्र अशा मांडता येत नाहीत. बंगळूरच्या त्या साडेसात मैलांतील जवळजवळ सर्व बिंदू बीजातीत आहेत, हे विधान 1874 पूर्वी कोणासही करता आले नसते.