भुताचा शोध आणि पंखा

भूत पाहिलं म्हणणाऱ्याला आपण हसतो, नाहीतर अंगारा लावतो. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीचे अभियंते व्हिक टँडी यांनी तिसरी वाट धरली. त्यांच्या प्रयोगशाळेत भूत असल्याची वदंता होती. एका रात्री एकटे असताना त्यांनाच घाम फुटला, डोळ्याच्या कडेला करडी आकृती दिसली. वळून पाहतात तो कुणी नाही! दुसऱ्या दिवशी व्हाइसमध्ये आवळलेलं तलवारीचं पातं आपोआप थरथरू लागलं. त्यांनी व्हाइस खोलीभर सरकवून पाहिला. थरथर मधोमध सर्वांत जास्त होती. नव्याने बसवलेला पंखा सेकंदाला सुमारे १९ कंपनांचा, कानाला न ऐकू येणारा ध्वनी निर्माण करत होता. पंख्याची बसवण बदलली, थरथर थांबली. १९९८ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं.

पण मंडळी, गोष्ट इथे संपली नाही. लंडनच्या संशोधकांनी मुद्दाम एक 'झपाटलेली खोली' उभारून असा ध्वनी सोडला. २००९ साली निष्कर्ष आला: लोकांना विचित्र अनुभव आले, पण त्यांचा ध्वनीशी संबंध दिसला नाही, मनाच्या सूचनाक्षमतेचा असावा. भुताला लावलेली कसोटी विज्ञानाने स्वतःच्या उत्तरालाही लावली. मांत्रिक हे कधी करतो का? नातवंडांना भुताच्या गोष्टी जरूर सांगाव्यात, त्यांत हीही असावी.