विजेवरच्या गाड्या : नवे किती, जुने किती?

मालवण-कसाल रस्त्यावरील कट्टा ही वराड, पेंडूर या परिसराची बाजारपेठ. बॅ. नाथ पै सेवांगणामुळे हे नाव सिंधुदुर्गाबाहेरही परिचित आहे. इथल्या शिक्षकाला, दुकानदाराला किंवा रोज ओरोसच्या कचेरीत जाणाऱ्या कारकुनाला दुचाकी ही चैन नव्हे. अनेक घरांत वाहन एकच असते आणि तेही कर्जाने घेतलेले. मोठा पडदा, मोबाईलशी जोडणी, उलटी चालणारी स्कूटर अशा वैशिष्ट्यांची जाहिरात कंपन्या करीत असल्या, तरी अशा ग्राहकाचा प्रश्न साधा असतो. या गाडीत त्याच्या उपयोगाचे नवे काय आहे?

विजेवर चालणे हे काही नवे नाही. ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडणारी पहिली मोटार विजेवरचीच होती, आणि ते साल होते १८९९. पुढे १९१२ मध्ये कॅडिलॅकने मोटारीला विजेचा स्टार्टर बसविला, हँडल फिरविण्याचे कष्ट संपले आणि पेट्रोलच्या गाडीने बाजार जिंकला. म्हणजे विजेच्या गाडीचा घात एका परीने बॅटरीनेच केला. भारतात २००१ मध्ये बंगळूरची ‘रेवा’ रस्त्यावर आली. तिच्यात लेड-ॲसिड बॅटऱ्या होत्या. ती गाडी लहान, पल्ला तोकडा आणि किंमत त्या मानाने जड असल्याने सामान्य कुटुंब तिच्याकडे वळले नाही.

खरा बदल घडला तो बॅटरीत. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली आणि २०१० नंतरच्या दशकभरात तिची किंमत सुमारे ९० टक्क्यांनी उतरली. त्यातही लिथियम-लोह-फॉस्फेट हा प्रकार भारतीय ग्राहकाच्या दृष्टीने महत्त्वाचा. त्याचे वजन थोडे अधिक असते, पण त्यात महागडे कोबाल्ट लागत नाही आणि उष्णता तो अधिक सोसतो. जानेवारी २०२० मध्ये आलेल्या टाटा नेक्सॉनच्या विद्युत आवृत्तीला ३०.२ किलोवॉट-तासांची बॅटरी आणि तिच्यावर ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी होती. सामान्य खरेदीदाराच्या लेखी ही हमी कोणत्याही पडद्यापेक्षा मोठी सुधारणा होय. प्रमाणित ३१२ किलोमीटरचा पल्ला मात्र प्रयोगशाळेतला समजावा. रस्त्यावर तो बराच कमी भरतो.

त्याच महिन्यात पुण्याच्या बजाजने १९७२ च्या ‘चेतक’चे नाव विजेवरच्या स्कूटरला दिले. जुन्या नावाची पुण्याई वापरली, असे म्हणता येईल. परंतु धातूचे अंग आणि पाण्यापासून संरक्षणाच्या आयपी-६७ दर्जाची बॅटरी या दोन गोष्टी कोकणातल्या ग्राहकाने नीट पाहाव्यात अशाच आहेत. पाऊस कोसळणाऱ्या प्रदेशात दुसरी गोष्ट जमेची. पहिलीबाबत खाऱ्या वाऱ्याचा विचार करावा लागतो, कारण किनाऱ्यालगत पत्रा गंजायला वेळ लागत नाही.

खर्चाचा हिशेब वापरावर ठरतो. रोज ४० किलोमीटर, वर्षाला ३०० दिवस, म्हणजे १२ हजार किलोमीटर. पेट्रोल स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर जाते आणि पेट्रोल १०४ रुपये लिटर आहे असे धरल्यास वर्षाला २७ हजारांहून अधिक खर्च येतो. विजेच्या स्कूटरला चार्जिंगमधील घट धरून १०० किलोमीटरला ४ युनिट आणि युनिटला १० रुपये धरले, तर ४,८०० रुपये. फरक २२ हजारांच्या वर. मात्र दिवसाला ८ किलोमीटरच फिरणाऱ्याची बचत साडेचार हजारांच्या आसपास राहते, आणि मग जादा किंमत वसूल व्हायला बरीच वर्षे जातात. शिवाय पहिल्या उदाहरणात महिन्याला ४० युनिट वाढतात. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांपुढे चढा टप्पा लागतो, हे विक्रेता सहसा सांगत नाही.

करांचा लाभही आता पूर्वीइतका राहिलेला नाही. ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या वाहनांवर ५ टक्के जीएसटी आहे, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. दुचाकींचे केंद्रीय अनुदान जून २०२३ मध्येच घटविण्यात आले होते.

एका बाबतीत कट्ट्याचा ग्राहक मुंबईकरापेक्षा सुखी आहे. मुंबईच्या सदनिकाधारकाला वाहनतळावर प्लग बसविण्यासाठी सोसायटीची मनधरणी करावी लागते, तर इथे खळ्यात गाडी उभी करून पडवीतल्या प्लगला जोडता येते. अडचण वेगळीच आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. पेट्रोलची बाटली शेजाऱ्याकडून आणता येते, वीज नाही. काढून घरात नेता येणारी बॅटरीही अशा वेळी उपयोगी पडत नाही.

आगीच्या भीतीबद्दल थोडक्यात. मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगाव येथे एका स्कूटरने पेट घेतला आणि त्या उन्हाळ्यात तशा अनेक घटना घडल्या. त्यानंतर केंद्राने बॅटरीच्या सुरक्षा-चाचण्या कडक करून डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू केल्या. त्यामुळे जुन्या काळातली स्वस्त स्कूटर वापरलेली म्हणून घेताना निर्मितीची तारीख पाहणे अगत्याचे.

दुरुस्तीचा प्रश्न अधिक चिवट आहे. इंजिन नसल्याने तेल, प्लग, क्लच यांची कटकट गेली खरी. पण कार्बोरेटर डोळे मिटून उघडणारा नाक्यावरचा मेकॅनिक कंट्रोलरपुढे हतबल होतो. बिघाड समजायला कंपनीचा संगणक लागतो, आणि तो गावात नसतो. घाटातून कोल्हापूरला जाणाऱ्या मोटारधारकाची गोष्ट निराळी. फोंडा किंवा करूळ घाट उतरताना ब्रेकची ऊर्जा काही अंशी बॅटरीत परत जाते, चढताना मात्र पल्ला झपाट्याने घटतो.

पुनर्विक्रीचे गणितही अजून जमलेले नाही. पेट्रोलच्या गाडीचा आवाज ऐकून जाणकार तिची किंमत सांगतो. बॅटरीची उरलेली क्षमता बाहेरून दिसत नाही. २०२० मध्ये घेतलेल्या मोटारींची आठ वर्षांची हमी २०२८ पासून संपू लागेल आणि त्या गाड्यांना बाजारात काय भाव मिळतो, ते तेव्हा कळेल.