बोळ्यानं दूध पिणाऱ्यांचा इतिहास

"तू काय बोळ्यानं दूध पितोस का रे?" हे वाक्य शाळेत असताना आमच्या मास्तरांकडून मी इतक्या वेळा ऐकलंय की त्याचा शब्दशः अर्थ काय, हा प्रश्न कधी डोक्यात आलाच नाही. बोळा म्हणजे दुधात बुडवलेला कापसाचा किंवा मऊ फडक्याचा गोळा. आईचं दूध न मिळणाऱ्या जिवाच्या तोंडात तो थेंब थेंब पिळायचा. गेल्या वर्षी दसऱ्याला तुळजापूरला गेलो, तेव्हा वयाच्या अडतिसाव्या वर्षी हा अर्थ कळला. तोही चुकीच्या बाजूनं, म्हणजे बोळा पिळणाऱ्याच्या.

तर झालं असं. आमच्याकडे दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की देवी पलंगावर निद्रा घेते, ती थेट कोजागरीपर्यंत. हे मधले पाच दिवस गावात वेगळेच असतात. एकीकडे देवी झोपलेली, आणि दुसरीकडे पौर्णिमेसाठी सोलापूरहून चालत येणाऱ्या लोकांची गर्दी वाढत चाललेली. गाड्या तर विचारू नका. त्यातल्याच कुठल्या तरी गाडीखाली आमच्या गल्लीतली कुत्री गेली. तिची दोन पिल्लं शेजारच्या पडक्या खोलीत होती. डोळे मिटलेले, नाळ नुकतीच वाळलेली, म्हणजे दोन-तीन दिवसांची असावीत. एक पांढरं, एक तांबूस. मी दोन्ही खोक्यात घालून घरी आणली तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि आजी झोपली होती.

मग मी इंजिनिअर माणूस जे करतो तेच केलं. मोबाईलवर दोन व्हिडिओ बघितले आणि थेट अंमलबजावणी. रात्री उशिरापर्यंत उघड्या असलेल्या एका मेडिकलमधून तान्ह्या बाळांच्या दुधाच्या पावडरचा डबा आणला. डबा चांगला होता, महाग होता, डॉक्टरी वाटत होता. त्यावर बाळाचं चित्र नव्हतं (१९९२ च्या कायद्यानं आपल्याकडे असं चित्र टाकायला बंदी आहे) आणि आईचं दूधच सर्वोत्तम, असं ठळक अक्षरात छापलेलं होतं. कोमट पाण्यात पावडर कालवली, सिरिंजमध्ये भरली आणि दोघांनाही पाजली. पिल्लं हाताला गार लागत होती, पण म्हणलं पोटात दूध गेलं की ऊब येईल.

पांढरं पिल्लू पहाटे गेलं.

आजीनं सकाळी सगळं ऐकून घेतलं. ओरडली नाही. तांबूस पिल्लू उचललं, पदराखाली धरलं आणि म्हणाली, "आरं, गारठल्या लेकराला दूध पाजू नाही. आगुदर ऊब, मग दूध." आयुष्यभर शेळ्या पाळलेली बाई. आई मेलेली करडं तिनं कापसाच्या वातीनं दूध पाजून जगवलेली. पुढे गुरांच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, फक्त मोठ्या शब्दांत. पहिल्या आठवड्यात पिल्लाला स्वतःचं अंग तापवता येत नाही, साधं कुडकुडताही येत नाही. अंग गार पडलं की आतडी काम थांबवतात, आणि पाजलेलं दूध पचण्याऐवजी पोटात पडून राहतं. म्हणजे मी उपाशी जिवाला दूध नाही, ओझं दिलं होतं.

दुसरं पिल्लू जगलं, पण दोन दिवसांत वाढायच्या ऐवजी घटलं. कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर पहिल्या दिवशी २५० ग्रॅम भरलं होतं (म्हणून आजीनं त्याचं नाव 'पावशेर' ठेवलं, या शब्दाचा दुसरा अर्थ आजीला माहीत नाही, कृपया सांगू नका). तिसऱ्या दिवशी २३५. शिवाय जुलाब. ऊब होती, वेळच्या वेळी दूध होतं, डबा तर शहरातल्या लेकरांना देतात तोच होता. मग चुकतंय कुठं? बग सापडेपर्यंत मला झोप येत नाही, आणि इथे तर दर तीन तासांनी उठायचंच होतं. त्या रात्री मी त्या डब्याचा इतिहास वाचत बसलो. पुढचं सगळं त्यातूनच.

आईऐवजी दुसरं काही पाजणं ही जुनीच गरज आहे. आपल्याकडे बोळा होता, चोच असलेलं बोंडलं होतं. पण 'आईच्या दुधासारखं' दूध बनवायचा शास्त्रीय प्रयत्न पहिल्यांदा गाजला तो १८६५ साली. जर्मनीतला त्या काळचा सगळ्यात नावाजलेला रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यानं गाईचं दूध, गव्हाचं पीठ, माल्ट आणि पोटॅशियम बायकार्बोनेट एकत्र करून बाळांचं अन्न तयार केलं. दोनच वर्षांनी, १८६७ मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या व्हेवे गावात हेन्री नेस्लेनं दूध आणि भाजलेल्या पिठाची पावडर बाजारात आणली. लीबिगचं म्हणणं सरळ होतं. दुधाचं पृथक्करण केलं, घटक कळले, आता तेच घटक त्याच प्रमाणात जोडले की झालं दूध.

झालं नाही. पॅरिसमध्ये देपोल नावाच्या डॉक्टरनं हे अन्न काही नवजात बाळांना देऊन पाहिलं आणि ती दगावली. पुढे १८७०-७१ मध्ये प्रशियाच्या सैन्यानं पॅरिसला वेढा घातला, शहरात दूध येईना, तेव्हा चरबी, साखर आणि प्रथिनं घोटून कृत्रिम दूध करायचे प्रयत्न झाले. तेही फसले. वेढा उठल्यावर झां-बाप्तिस्त द्यूमा या रसायनशास्त्रज्ञानं कबूल करून टाकलं की दुधात आम्हाला अजून न कळलेलं काहीतरी आहे. स्वतः रसायनशास्त्रज्ञ असून हे जाहीरपणे म्हणायला हिंमत लागते. (आमच्या धंद्यात रिलीज फसल्यावर असा ईमेल मी तरी अजून वाचलेला नाही.)

आणि इथून पुढे या गोष्टीत कुत्र्याची पिल्लं येतात.

गुस्ताव फॉन बुंगे हा शरीरशास्त्रज्ञ. त्यानं नवजात पिल्लाच्या शरीराची राख आणि कुत्रीच्या दुधाची राख, दोन्हींतले क्षार मोजून शेजारी शेजारी ठेवले. ते जवळजवळ तंतोतंत जुळले! फक्त लोह सोडून. ते पिल्लू जन्मतःच सोबत घेऊन येतं. म्हणजे कुत्रीचं दूध हे 'दूध' नावाचं कुठलंही सर्वसाधारण पांढरं पाणी नसून पिल्लाचं शरीर बांधायचं मापात मोजलेलं सामान आहे. मग त्यानं आणखी एक तक्ता मांडला: कुठल्या प्राण्याचं बाळ जन्माच्या वेळचं वजन किती दिवसांत दुप्पट करतं. माणूस १८० दिवस. घोडा ६०. गाय ४७. शेळी २२. कुत्रा ९. आणि जितकी घाई जास्त, तितकी त्या आईच्या दुधात प्रथिनं आणि क्षार जास्त.

रात्री अडीच वाजता हा तक्ता वाचला आणि खाटेवर उठून बसलो. माझा बग सापडला होता. माणसाच्या दुधात शंभर ग्रॅममागे साधारण १ ग्रॅम प्रथिन, ४ ग्रॅम स्निग्धांश आणि ७ ग्रॅम दुग्धशर्करा असते. कुत्रीच्या दुधात प्रथिन साडेसात, स्निग्धांश ९ च्या आसपास, आणि शर्करा जेमतेम साडेतीन. माझा डबा माणसाच्या दुधाची नक्कल होता. चांगली नक्कल होती, म्हणूनच चुकीची होती. १८० दिवसांच्या संथ गाडीचं इंधन मी ९ दिवसांच्या गाडीत भरत होतो. प्रथिन कमी म्हणून वाढ नाही, आणि शर्करा दुप्पट म्हणून जुलाब.

पण गंमत पुढेच आहे. बुंगेचाच विद्यार्थी निकोलाय लुनिन. त्यानं १८८१ च्या सुमारास उंदरांना दुधाचे शुद्ध केलेले घटक वेगवेगळे मिसळून दिले. उंदीर मेले. साधं दूध पिणारे जगले. द्यूमाचं 'काहीतरी' खरंच होतं. त्यातल्या एका 'काहीतरी'चा छडा पहिल्या महायुद्धाच्या काळात लंडनमध्ये लागला. एडवर्ड मेलनबी यानं कुत्र्याची पिल्लं घरात, उन्हाविना, ठरावीक खुराकावर ठेवली. पिल्लांच्या हाडांना मुडदूस झाला, पाय वाकले. मग कॉड माशाच्या यकृताचं तेल दिलं तर मुडदूस टळला. १९१९ मध्ये हे छापून आलं, आणि त्या धाग्यावरून पुढे 'ड' जीवनसत्त्व हाती लागलं. आज बाळाच्या दुधाच्या प्रत्येक डब्यावर घटकांच्या यादीत ते असतं. माझ्याही डब्यावर होतं. बॅटरीच्या उजेडात वाचलं.

म्हणजे बघा, माणसाच्या तान्ह्यांना जगवणारा हा डबा काही अंशी कुत्र्याच्या पिल्लांच्या हाडांवर उभा आहे. त्यांनी पाय वाकडे करून घेतले तेव्हा आपली लेकरं सरळ उभी राहिली. आणि त्याच डब्यातून त्यांच्या एका वारसाला मी उपाशी मारत होतो. हे कुणाला सांगणार रात्री अडीचला? आजी जागी होती, तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग आता त्याचं देणं फेड. बल्ब बघ, गेला वाटतं."

आपल्या देशानं या गोष्टीत एक महत्त्वाचा धडा जोडलाय, तोही सांगतो. भारतात तेव्हा दूध मुख्यतः म्हशीचं होतं, आणि म्हशीच्या दुधाची पावडर होऊच शकत नाही असं परदेशी तज्ज्ञ सांगत. आणंदच्या डेअरीत वर्गीस कुरियन यांचे सहकारी हरिचंद मेघा दलाया यांनी ती करून दाखवली. ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते त्या कारखान्याचं उद्घाटन झालं. मग म्हैसूरच्या सीएफटीआरआय संस्थेनं याच दुधापासून बाळांचं अन्न करायची पद्धत बसवली. त्यासाठी म्हशीच्या दुधातला स्निग्धांश उतरवावा लागला, कारण तो ७ टक्क्यांच्या घरात, माणसाच्या लेकराला जड.

माणसाला जड, पण पिल्लाला? ९ च्या शेजारी ७! सकाळी डॉक्टरांना विचारलं तर ते हसले. म्हणाले, घरात मिळणाऱ्या दुधांत म्हशीचंच जवळचं, पण प्रथिन कमी आणि शर्करा जास्त ही अडचण आहेच. सोलापुरात पिल्लांसाठीची वेगळी पावडर मिळते, ती मागवा. तोवर म्हशीचं दूध, त्यात शिजवलेल्या अंड्याचा पिवळा बलक घोटून आणि थोडं दही. आजीनं "आणि शेळीचं?" असं विचारलं. आमच्या जिल्ह्याच्या नावानं ओळखली जाणारी उस्मानाबादी शेळी (जिल्ह्याचं नाव आता धाराशिव झालंय, शेळीचं अजून तेच आहे) हा तिचा वीक पॉइंट. डॉक्टर म्हणाले, आजी, शेळीचं दूध साधारण गाईसारखंच, २२ दिवसांचं. आजीला ते फारसं पटलं नाही.

डॉक्टरांनी आणखी एक विचारलं, "आईचा चीक मिळाला होता का?" आपण खरवस करून खातो तोच चीक. माणसाच्या बाळाला रोगाशी लढायची बरीचशी शिदोरी पोटात असतानाच मिळते. वासराला ती मिळत नाही, चिकातूनच मिळते. थिओबाल्ड स्मिथ आणि राल्फ लिटल यांनी १९२२ मध्ये हे वासरांवर दाखवून दिलं. पिल्लाचंही बरंचसं तसंच, आणि तेही फक्त पहिल्या दिवसात. नंतर आतड्याचं दार बंद होतं. कुठल्याही डब्यात हे भरता येत नाही. पावशेरची आई दोन दिवस तरी जगली होती, म्हणजे जाता जाता ती सगळ्यात मोठं काम करून गेली होती. आमचं काम उरलेलं, कारकुनी.

ते कारकुनी काम असं: खोक्यात गोधडी, वर बल्ब, एका कोपऱ्यात ऊब कमी, म्हणजे नको झाल्यास त्याला सरकता यावं. आधी अंग तपासायचं, मग दूध. पिल्लू पालथंच ठेवायचं, माणसाच्या बाळासारखं उताणं नाही, नाहीतर दूध फुफ्फुसात जातं. दर तीन तासांनी साधारण ४ मिली. पाजून झालं की ओल्या कापसानं पोटाखाली पुसायचं, कारण आई चाटल्याशिवाय त्याला शी-शू होत नाही. हे शेवटचं मी माझ्या टीमला अजून सांगितलेलं नाही.

कोजागरीच्या दिवशी काट्यावर २६० आलं. गाव माणसांनी फुलून गेलं होतं, देवी निद्रेतून उठली होती आणि मी मिठाईवाल्याकडे काट्याचा फोटो काढत उभा होतो. दुसऱ्या दिवशी मला पुण्याला निघावं लागलं. पुढचं सगळं आजीनं केलं. चुलतभाऊ रोज संध्याकाळी आकडा पाठवायचा, मी एक्सेलमध्ये भरायचो. ते आलेख मी ऑफिसातल्या कुठल्याही आलेखापेक्षा जास्त वेळा उघडले असतील. घरी आणल्यापासून चौदाव्या दिवशी ५०० आला. बुंगेच्या ९ दिवसांपेक्षा उशिराच, पण त्यातले सुरुवातीचे दिवस माझ्या खात्यावर आहेत.

पांढऱ्याचा आकडा माझ्या तक्त्यात एकच आहे, २१० ग्रॅम. ती ओळ मी पुसलेली नाही.

पावशेर आता आमच्या गल्लीत राज्य करतो. परवा घरी गेलो तर ओळख दाखवली नाही. आजीच्या मागे मागे. तो डबा अजून फडताळात आहे. आजीनं त्यातली पावडर काढून टाकली आणि धुऊन त्यात कापसाच्या वाती ठेवल्यात. मी म्हणलं, देवाच्या वाती का? तर म्हणाली, "देवाच्या बी आन् करडांच्या बी. कधी कोण येईल, काय सांगावं?"