काकांच्या पिकपचे हेडलाईट

दिवाळीत गावी गेलो की माझी दोन कामं ठरलेली असतात. एक म्हणजे घरातल्या सगळ्यांचे मोबाईल 'साफ' करून देणं. दुसरं म्हणजे काकांच्या पिकपमध्ये बसून एकदा तरी रात्री यवतमाळला जाऊन येणं. गाव घाटंजी तालुक्यात. काकांची पिकप हंगामात कापूस नेते, एरवी भाजीपाला, बियाणं, खताच्या बॅगा आणि अधूनमधून वरातही. भाजीसाठी पहाटेचा बाजार गाठायचा, म्हणून निघायचं रात्री दोनला.

यावेळी निघालो आणि दहाच मिनिटांत काकांनी करकचून ब्रेक मारला. समोर बैलबंडी. कापसाच्या गाठोड्यांनी भरलेली, मागे ना दिवा ना काही. बंडी आणि आमचं बंपर यांच्यात जेमतेम हातभर अंतर उरलं असेल. बंडीवाला शांत झोपलेला, बैल आपले चालताहेत. काकांनी कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाले, "पायलं ना? या लाईटाईत मले रस्ता दिसतच नाई. अंदाजानं चालवतो म्या गाडी."

मी पुण्यात हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये शिव्या घालत गाडी चालवणारा माणूस. अंदाजाने गाडी चालवणं म्हणजे काय हे त्या रात्री पहिल्यांदा कळलं. रोही आडवी येते, रानडुक्कर येतं, टिपेश्वरचं जंगल फार लांब नाही त्यामुळे आणखीही कोणी येऊ शकतं. आणि समोर उजेड म्हणाल तर देवघरातल्या समईएवढा!

काकांचा उपाय तयार होता. "नव्वद-शंभरचे बल्ब टाकतो, नाईतर तो पांढरा एलईडी." मी म्हटलं, "काका, दोन दिवस थांबा, मी जरा बघतो." आता इंजिनिअर माणूस 'जरा बघतो' म्हणाला की काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. दोन दिवस मी हेडलाईटचा इतिहास वाचत बसलो. आणि गंमत म्हणजे काकांच्या गाडीचा आजार त्या इतिहासातच सापडला.

सुरुवातीच्या मोटारींना कार्बाइडचे दिवे असत. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी ठिबकलं की अॅसिटिलीन वायू तयार होतो, तो पेटवायचा. वाऱ्यापावसात टिकणारा दिवा म्हणून त्याचं कौतुक होतं. 1898 साली कोलंबिया नावाच्या इलेक्ट्रिक गाडीवर विजेचे दिवे आले, पण त्यांची फिलामेंट धक्क्यांनी तुटायची, आणि पेट्रोलच्या गाडीत वीज आणायची कुठून हाही प्रश्न होताच. 1912 साली कॅडिलॅकने सेल्फ-स्टार्टर आणि दिवे एकाच विजेच्या यंत्रणेवर आणले आणि तिथून चित्र बदललं.

यात मला सगळ्यात आवडली ती फोर्डच्या मॉडेल टीची गोष्ट. 1915 साली तिला विजेचे हेडलाईट आले, पण त्यांना वीज मिळायची थेट इंजिनच्या मॅग्नेटोमधून. म्हणजे इंजिन जोरात तर उजेड जास्त, गाडी हळू केली की उजेड मंद. खड्डा दिसावा म्हणून गाडी हळू करावी, तर खड्डाच दिसेनासा व्हायचा! लहानपणी मोपेडवर मागे बसलेल्यांना हे सांगायला नको. चौकात थांबलं की दिवा पिवळा पडायचा आणि बाबा उगाच रेस वाढवत बसायचे.

पुढे दोन गोष्टी घडल्या. 1920च्या दशकात एकाच बल्बमध्ये दोन फिलामेंट आल्या, अप्पर आणि डिप्पर. मग अमेरिकेत 1940च्या मॉडेलांपासून सात इंची गोल सीलबंद दिवा सक्तीचा झाला. काच, आरसा, फिलामेंट सगळं एकात. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर एक इंटरफेस ठरला आणि तिथल्या गाड्यांनी तो पाळला. युरोपात 1962 साली हॅलोजनचा एच-वन बल्ब आला आणि 1971 साली दोन फिलामेंटचा एच-फोर. आज एलईडीचा जमाना आला तरी पन्नास वर्षांपूर्वीचा तो एच-फोर कुठल्याही तालुक्याच्या गावी दुकानात मिळतो. इतकी बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी आमच्या कुठल्या प्रॉडक्टला लाभली असती तर!

काकांच्या गाडीतही हाच बल्ब. अप्पर साठ वॅट, डिप्पर पंचावन्न. म्हणजे बल्ब वाईट नव्हता. मग उजेड कुठे जात होता?

तिसऱ्या दिवशी घाटंजीहून मल्टीमीटर आणला. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मोजलं तर 13.8 व्होल्ट. बल्बच्या होल्डरवर मोजलं तर 11.4! मधले 2.4 व्होल्ट वायरिंगने खाल्ले. कंपनीने बारीक वायर टाकलेली, ती बॅटरीपासून डॅशबोर्डवरच्या स्विचपर्यंत जाणार आणि तिथून परत पुढे बल्बकडे येणार. दोन्ही दिव्यांचा मिळून नऊ-दहा अँपियरचा सगळा भार त्या बिचाऱ्या स्विचमधून. वर्षानुवर्षांची धूळ आणि गंज वेगळाच.

तुम्ही म्हणाल, अडीच व्होल्टने काय होतं? इथेच गोम आहे. फिलामेंटचा उजेड व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात कमी होत नाही, साधारण 3.4 व्या घाताने होतो. व्होल्टेज 5 टक्के घटलं की उजेड 16 टक्के घटतो, 10 टक्के घटलं की 30 टक्के. काकांच्या गाडीत हिशोब केला तर उजेड जवळजवळ निम्मा. म्हणजे मॉडेल टीचाच आजार, फक्त वेगळ्या कारणाने. आणि अशा वायरिंगवर नव्वद-शंभरचा बल्ब टाकला असता तर करंट आणखी वाढला असता, व्होल्टेज आणखी पडलं असतं आणि एखाद्या रात्री होल्डर किंवा स्विच वितळला असता.

यावरचा इलाज बल्बपेक्षा म्हातारा आहे. रिले. जोसेफ हेन्री या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1835 साली केलेली युक्ती. छोट्या करंटने लोहचुंबक चालवायचा आणि त्या चुंबकाने मोठ्या करंटचं दार उघडायचं. तारायंत्र याच युक्तीवर दूरदूर पोचलं. सुरुवातीचे काही कॉम्प्युटरही रिलेवरच चालायचे. 1947 साली हार्वर्डच्या मार्क टू मशीनच्या रिलेत एक पतंग अडकून मेलेला सापडला, तो लोकांनी चिकटपट्टीने वहीत चिकटवला. 'बग' हा शब्द त्याआधीपासून वापरात होता, पण आमच्या धंद्यातला तो सगळ्यात प्रसिद्ध किडा. हेडलाईटभोवती पतंग घिरट्या घालत असताना हातात रिले धरून मला हे आठवलं आणि एकटाच हसलो. काकांना वाटलं पोरगं कामातून गेलं.

असो. दोन रिले, जाड वायर, बॅटरीजवळ फ्यूज, नवे होल्डर. गावातल्या वायरमन पोराने आणि मी मिळून अर्ध्या दिवसात काम केलं. बल्ब तेच जुने. आता होल्डरवर 13.3 व्होल्ट. उजेड पहिल्याच्या दीडपटीहून जास्त. काका बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले. "बल्ब तोच हाय न बे?"

तोच होता. पण काम संपलं नव्हतं. उजेड वाढला की तो कुठे पडतो याची जबाबदारीही वाढते. एलईडीला मी नाही म्हटलं त्याचं कारण हेच. एच-फोरचा आरसा फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. डिप्परच्या फिलामेंटखाली एक छोटी धातूची वाटी असते, ती वर जाणारा उजेड अडवते. तिथे भलतीच चिप बसवली की फोकस बिघडतो आणि उजेड रस्त्यावर पडण्याऐवजी समोरच्याच्या डोळ्यांत जातो. 1989च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत 106 क्रमांकाचा नियम आहे. त्यानुसार दिव्यापासून 8 मीटरवर, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला दिपवेल असा झोत चालत नाही. आम्ही शाळेच्या भिंतीसमोर गाडी लावली, 8 मीटर पावलांनी नाही तर टेपने मोजले, भिंतीवर खडूने रेघ मारली आणि रिकाम्या गाडीत झोत खाली बसवला. मग लक्षात आलं की मागे माल भरला की गाडीचं नाक वर होतं! परत पोती भरून सगळं पहिल्यापासून.

रात्री पुन्हा निघालो. यावेळी रस्ता दिसत होता. कडेची बाभळ, खड्डे, पुलाचा कठडा. काका गप्प होते. मग त्यांच्या वडिलांची, म्हणजे माझ्या आजोबांची गोष्ट सांगितली. कापसाच्या बंड्या घेऊन ते रात्री निघायचे. दिवसा ऊन, म्हणून रात्री. बंडीच्या आखाला खाली कंदील टांगलेला. तेव्हा मला प्रश्न पडला की खालच्या कंदिलाने रस्ता काय दिसणार? काका म्हणाले, "रस्ता बैलाले ठाऊक असे ना बापू. कंदील दुसऱ्याईले दिसासाठी."

मी दोन दिवस वाचून काढलेल्या इतिहासात ही अर्धी बाजू राहूनच गेली होती. दिवा दोन कामं करतो: आपल्याला दिसणं आणि आपण दिसणं. शंभर वर्षं सगळी हुशारी पहिल्या कामावर खर्च झाली. दुसरं काम तो आखाखालचा कंदील करायचा. तो केव्हातरी गेला आणि त्याच्या जागी काही आलंच नाही.

परतताना यवतमाळमधून लाल रेडियमच्या पट्ट्यांचा गुंडाळा घेतला. नाव रेडियम, पण त्यात रेडियम औषधालाही नसतं. आलेला उजेड आला त्याच दिशेला परत पाठवायचा एवढंच त्याचं काम. गावातल्या ज्या ज्या बंडीवाल्याने हो म्हटलं त्याच्या बंडीला मागून आम्ही पट्टी लावली. एकूण अकरा बंड्या. त्या रात्रीचा झोपलेला बंडीवालाही त्यात होता. त्याला काही आठवत नव्हतं. काकांनीही सांगितलं नाही.

पुण्याला आल्यावर आठवड्याने काकांचा फोन आला. मला वाटलं रिले गेला. म्हणाले, "काल रातच्याले लांबूनच लाल चमकलं. गाडी हळू केली."

फोन ठेवला आणि सोमवारच्या रिलीजच्या कामाला लागलो.